मणक्याचा एक्स-रे कसा वाचायचा: हाताने उपचार करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

फिजिओथेरपीच्या इंटर्न मुलांना मी मणक्याच्या फिल्म वाचायला शिकवते. परदेशात कायरोप्रॅक्टिक (मणक्याला हाताने झटका किंवा दाब देऊन उपचार करण्याची पद्धत) शिकणारे आपले काही विद्यार्थीही सुट्टीत येऊन बसतात. चूक जवळपास सगळ्यांची एकच. फिल्म हातात आली की नजर थेट कंबरेच्या शेवटच्या गादीवर, म्हणजे कंबरेचा पाचवा मणका (एल-५) आणि त्याखालच्या सेक्रम या त्रिकोणी हाडाचा पहिला मणका (एस-१) यांच्यामध्ये. "एल-५ एस-१ चा गॅप कमी झालाय" असं म्हटलं की फिल्म परत पाकिटात.

मणक्याला झटका देऊन किंवा दाब देऊन उपचार करणाऱ्याने फिल्मला पहिला प्रश्न वेगळा विचारायला हवा: या पाठीवर जोर लावणं सुरक्षित आहे का? दुखणं कुठून येतंय हा त्यानंतरचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर साध्या एक्स-रेमध्ये फार थोड्या वेळा मिळतं. गादी, नस आणि मज्जारज्जू एक्स-रेमध्ये दिसतच नाहीत. दोन मणक्यांमधली मोकळी जागा तेवढी दिसते.

खालचा क्रम मी रोज वापरते. घाई असली तरी तो मोडत नाही.

## १. फिल्म बघण्याआधी रुग्णाला बघा

आधी विचारून घ्या: वय, पडझड, ताप, वजन उतरणं, आधी झालेला कॅन्सर किंवा टीबी, स्टिरॉइडच्या गोळ्या, रात्री आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं, सकाळी अर्धा तास न सुटणारा ताठरपणा. ही उत्तरं कागदावर लिहिल्याशिवाय फिल्म पाकिटातून काढू नका. ज्याला ताप येतो आणि ज्याचं वजन उतरलंय, त्याच्या फिल्ममधली गादीची कमी झालेली जागा वेगळ्या नजरेने बघावी लागते.

एक्स-रेची गरज होती का, हेही इथेच ठरतं. नुकतंच कंबर दुखायला लागलंय आणि धोक्याचं एकही लक्षण नाही, अशा रुग्णाचा पहिल्या सहा आठवड्यांत एक्स-रे काढू नये. अमेरिकेतल्या कायरोप्रॅक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेनेच २०१७ मध्ये ही शिफारस केली आहे. सुधारणा किती झाली हे बघायला पुन्हा पुन्हा फिल्म काढू नयेत, असंही तिने सांगितलं आहे. कंबरेच्या एक्स-रेमधून साधारण १.५ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग शरीरात जातो, छातीच्या एका एक्स-रेमधून सुमारे ०.०२. म्हणजे कंबरेची एक तपासणी छातीच्या सत्तर-पंचाहत्तर फिल्मइतकी. बाळंतपणाच्या वयातल्या बाईला पाळीची तारीख विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नका.

थांबा: लघवी अडकली असेल, बैठकीच्या जागी बधिरपणा असेल, पायातली ताकद झपाट्याने जात असेल, तर फिल्म वाचत बसू नका. रुग्णाला लगेच एमआरआय आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवा.

## २. फिल्म त्याच माणसाची आणि सुलट आहे का

नाव, वय, तारीख, उजव्या-डाव्या बाजूची खूण. दोन वर्षांपूर्वीची फिल्म आजची म्हणून वाचली गेल्याचं मी पाहिलं आहे, कारण दोन्ही एकाच पिवळ्या पाकिटात होत्या.

रेडिओलॉजीत समोरून काढलेली फिल्म अशी लावतात की रुग्ण आपल्यासमोर तोंड करून उभा आहे. त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. अमेरिकेतल्या अनेक कायरोप्रॅक्टिक कॉलेजांत मात्र तीच फिल्म पाठीमागून पाहिल्यासारखी लावतात, म्हणजे रुग्णाची उजवी बाजू आपल्याही उजवीकडे. दोन्ही पद्धती चालतात, पण एका दवाखान्यात एकच चालली पाहिजे. तिकडून शिकून आलेल्यांनी इथल्या अहवालाशी फिल्म ताडताना प्रत्येक वेळी खूण शोधावी.

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो वाचू नका. ट्यूबलाइटसमोर धरून काढलेल्या फोटोत फिल्म उलटी धरलेली असू शकते, कडा कापल्या जातात आणि हाडाचा पोत पार पुसला जातो. सेंटरकडून मूळ डिजिटल फाइल मागवा. ती नसेल तर फिल्म व्ह्यू बॉक्सवर (मागून उजेड असलेल्या पेटीवर) लावा आणि खोलीतले दिवे बंद करा.

तपासा: एकाच फिल्मवर दोन-तीन प्रतिमा छापल्या असतील तर त्या लहान केलेल्या असतात. त्यावर पट्टी ठेवून मिलिमीटर मोजले तर आकडा चुकतो. प्रतिमेच्या कडेला मापाची खूण छापलेली असेल तर ती वापरा, नाहीतर शेजारच्या मणक्याशी तुलना करा.

## ३. फिल्म वाचण्यालायक आहे का

किमान दोन दिशांनी काढलेल्या फिल्म हव्यात, समोरून आणि बाजूने. एकाच दिशेच्या फिल्मवर मत देऊ नका.

मानेच्या बाजूच्या फिल्ममध्ये सातही मणके आणि पाठीच्या पहिल्या मणक्याचा वरचा भाग दिसलाच पाहिजे. जाड खांद्यांच्या माणसात सी-७, म्हणजे मानेचा सातवा मणका, हमखास झाकला जातो आणि आपण सहा मणके बघून "नॉर्मल" म्हणून मोकळे होतो. पडलेल्या माणसात ही चूक फार महागात पडते.

रुग्ण वळलेला होता का, हे समोरच्या फिल्ममध्ये कळतं. प्रत्येक मणक्यावर दोन्ही बाजूंना एकेक अंडाकृती ठिपका असतो, ते पेडिकल, म्हणजे मणक्याचा पुढचा आणि मागचा भाग जोडणारे आखूड दांडे. मधोमध थेंबासारखी सावली असते, तो स्पायनस प्रोसेस, म्हणजे पाठीवर हाताला लागणारं मणक्याचं मागचं टोक. थेंब दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये हवा. सगळेच थेंब एका बाजूला सरकलेले असतील तर टेबलावर माणूसच तिरका झोपला होता. ही खूण लक्षात ठेवा, दहाव्या पायरीत ती पुन्हा लागेल.

मग परक्या सावल्या ओळखा. आपल्याकडच्या नेहमीच्या: मंगळसूत्र, ताईत, करदोटा, सलवारीच्या नाडीची गाठ, पँटची चेन, आणि मानेच्या फिल्मवर वेणी. तेल लावलेल्या घट्ट वेणीच्या उभ्या रेघा मणक्यातल्या भेगेसारख्या दिसतात. सावली हाडाची कड ओलांडून बाहेर जात असेल तर ती हाडातली नाही. आतड्यातल्या वायूलाही हाच नियम. सेक्रमवर काळं भोक दिसलं की मुलं घाबरतात, आणि बहुतेक वेळा तो पोटातला वायू असतो.

## ४. मणके मोजा

कंबरेचे मणके पाच, हे गृहीत धरून खालून वर मोजायची सवय सोडा. शेवटची बरगडी ज्या मणक्याला जोडलेली आहे तिथून सुरुवात करून खाली मोजा. काही जणांत पाचवा मणका सेक्रमला जुळलेला असतो, काहींत सेक्रमचा पहिला सुटा असतो. तुमच्या नोंदीत एल-४ आणि सर्जनच्या नोंदीत एल-५ झाला की पुढचा सगळा पत्रव्यवहार चुकीच्या मणक्याबद्दल होतो. जुळलेला किंवा सुटा मणका दिसला तर कसा मोजला ते एका ओळीत लिहा.

## ५. मान, बाजूने

इथे चार रेषा डोळ्यांनी ओढायच्या: मणक्यांच्या पुढच्या कडांची, मागच्या कडांची, लॅमिना (मणक्याच्या मागच्या कमानीच्या पट्ट्या) आणि स्पायनस प्रोसेस जिथे मिळतात त्या पांढऱ्या रेघांची, आणि स्पायनस प्रोसेसच्या टोकांची. पहिल्या तीन रेषा सलग आणि गुळगुळीत वळायला हव्यात. कुठे पायरी पडली तर थांबा. लहान मुलांत मात्र सी-२ सी-३ वर पुढे सरकल्यासारखं दिसणं स्वाभाविक असू शकतं. तिथे तिसरी रेषा सरळ आहे का ते बघा.

मग अगदी वर जा. पहिल्या मणक्याची पुढची कमान आणि दुसऱ्या मणक्याचा ओडोंटॉइड (वर निघालेला दातासारखा भाग) यांच्यामधली फट मोठ्या माणसात ३ मिलिमीटरपर्यंत, मुलांत ५ पर्यंत. ती जास्त असेल तर त्या मानेवर कुठलाही झटका नको. संधिवाताचे (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे) जुने रुग्ण आणि डाउन सिंड्रोम असलेली मुलं यांच्यात ही फट बघितल्याशिवाय मानेला हात लावू नका. संधिवातात ती साध्या फिल्ममध्ये ठीक दिसून मान पुढे वाकवल्यावर उघडते, म्हणून शंका असेल तर पुढचा निर्णय तज्ज्ञावर सोडा.

मणक्यांच्या पुढची मऊ सावलीही बघा. दुसऱ्या मणक्यासमोर ती साधारण ६ ते ७ मिलिमीटर असते, सहाव्यासमोर २२ पर्यंत. अपघातानंतर ती फुगलेली असेल आणि हाड ठीक दिसत असेल, तर "फ्रॅक्चर दिसत नाही" इतकंच म्हणता येतं. "फ्रॅक्चर नाही" असं म्हणता येत नाही.

चूक: मान सरळ दिसली की "स्पाझम" (स्नायू आखडलेत) लिहिणं. हनुवटी जरा खाली घेतली तरी मानेचा बाक जातो. एवढ्यावर निदान करू नका.

## ६. कंबर, समोरून

या फिल्मला लोक सगळ्यात कमी वेळ देतात. मी सगळ्यात जास्त देते.

प्रत्येक मणका म्हणजे घुबडाचा चेहरा समजा. दोन पेडिकल हे डोळे, स्पायनस प्रोसेस ही चोच. वरून खाली एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत जा आणि दोन्ही डोळे आहेत का ते मोठ्याने म्हणा.

हे मोठ्याने म्हणणं मी एका फिल्मपासून सुरू केलं. साठीच्या आतली बाई, चार महिन्यांची कंबरदुखी, दोन ठिकाणी मालिश आणि एका ठिकाणी "मणका बसवून" झालेला. फिल्मवर कुणीतरी पेनाने एल-५ एस-१ ला गोल केला होता, आणि तिथली जागा खरंच कमी होती. आम्हीही चार जण त्या गोलाकडेच बघत होतो. मग एका मुलीने वरून मोजायला सुरुवात केली आणि एल-२ वर अडखळली. डावा डोळा नव्हता. उजवा ठळक, गोल. डावीकडे नुसती करडी सपाट सावली. स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आठ वर्षांपूर्वी झाल्याचं त्या बाईने तोवर सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या तपासणीत कॅन्सर मणक्यात पसरल्याचं निघालं. तो पेनाचा गोल आजही माझ्या डोळ्यांसमोर येतो.

डोळ्यांमधलं अंतर खाली जाताना हळूहळू वाढतं. एकाच मणक्यात ते अचानक वाढलेलं दिसलं आणि माणूस उंचावरून पडलेला असेल, तर तो मणका चिरडून पसरलेला असू शकतो. झाडावरून, शिडीवरून, बांधकामावरून पडलेल्यांत हे विसरू नका.

शेवटी फिल्मच्या तळाशी दोन्ही सॅक्रोइलिअॅक सांधे, म्हणजे सेक्रम आणि कटीच्या हाडांमधले. कडा धूसर, खाल्लेल्या किंवा दाट पांढऱ्या असतील आणि रुग्ण तरुण, सकाळी ताठरणारा असेल, तर अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिसचा विचार करा. या आजारात पुढे मणके एकमेकांना जुळतात आणि कणा बांबूसारखा होतो. असा कणा खडूसारखा मोडतो. त्यावर झटक्याचा उपचार पूर्ण वर्ज्य.

## ७. कंबर, बाजूने

आता मणक्यांची उंची. प्रत्येक मणक्याची पुढची, मधली आणि मागची उंची वरच्या-खालच्या शेजाऱ्याशी ताडून बघा. एक-पंचमांशाहून अधिक उंची कमी झाली असेल तर दबलेल्या मणक्याचं फ्रॅक्चर समजून चाला. पाळी गेलेल्या बायका आणि वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणारे दम्याचे रुग्ण यांच्यात नुसत्या शिंकेनेही असं होऊ शकतं. मणक्याच्या कोपऱ्यात सुटा त्रिकोणी तुकडा दिसला तर त्याची कड बघा. गुळगुळीत पांढरी कड असेल तर तो बहुधा वाढीच्या वयातला जुना तुकडा, ताजं फ्रॅक्चर नाही.

मग मागच्या कडांची रेषा. एक मणका खालच्यावर पुढे सरकला असेल तर खालच्या मणक्याच्या रुंदीच्या किती टक्के सरकला ते काढा. पाव भागापर्यंत पहिली श्रेणी, अर्ध्यापर्यंत दुसरी, पाऊण भागापर्यंत तिसरी, त्यापुढे चौथी. टक्केवारीचा फायदा हा की लहान छापलेल्या फिल्मवरही ती चुकत नाही. एल-५ सरकला असेल तर बहुधा मणक्याच्या मागच्या अरुंद भागात चीर असते, आणि तिरक्या फिल्ममध्ये मणक्याचा मागचा भाग छोट्या कुत्र्यासारखा दिसतो, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यासारखी दिसते ती हीच चीर. एल-४ सरकलेला पन्नाशीपुढच्या बायकांत जास्त दिसतो, तो झिजेमुळे.

गाद्यांच्या जागा शेवटी बघा. वरून खाली एल-४ एल-५ पर्यंत त्या वाढत जातात. एल-५ एस-१ मात्र अनेकांत जन्मतःच लहान असते. म्हणून तिथला "गॅप" बघून कुणालाही घाबरवू नका. आपल्याकडे "मणक्यात गॅप पडलाय" म्हणतात आणि रुग्णाला वाटतं, मणके एकमेकांपासून सुटत चाललेत. प्रत्यक्षात जागा कमी झालेली असते. हे त्याला कागदावर चित्र काढून सांगा, त्याची निम्मी भीती जाते. एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या अभ्यासांच्या २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्यांपैकी ९६ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या होत्या.

## ८. झीज, टीबी की कॅन्सर

ही पायरी आपल्याकडे टाळताच येत नाही. नियम साधा आहे: जंतुसंसर्ग गादी खातो, कॅन्सर बहुधा गादी सोडतो.

गादीची जागा कमी झाली आहे, तर तिला लागून असलेल्या वरच्या-खालच्या एंडप्लेट (मणक्याचे गादीला टेकणारे सपाट पृष्ठभाग) बघा. झिजेत त्या ठळक, पांढऱ्या आणि सलग राहतात, कडेला हाडाचे काटे वाढतात, कधी गादीच्या जागेत वायूची काळी रेघ दिसते. टीबीत त्या पुसट होतात, जणू खोडरबर फिरवलाय, आणि मणक्याच्या बाजूला फुगीर सावली येते. काळी रेघ दिसली तर संसर्गाची शक्यता बरीच कमी होते. टीबीत एक्स-रे बदलायला कित्येक आठवडे जातात. त्यामुळे ताप, वजन उतरणं आणि रात्रीचं दुखणं असेल, तर स्वच्छ फिल्मवर विसंबू नका.

कॅन्सरचंही तेच. हाडातला ३० ते ५० टक्के खनिज भाग गेल्याशिवाय भोक एक्स-रेमध्ये उमटत नाही.

हाडं सगळीकडेच खडूसारखी दाट पांढरी दिसली तर रुग्णाला गाव विचारा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथला माणूस असेल तर हाताच्या पुढच्या भागाचीही फिल्म बघा. दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साचलेला दिसला तर फ्लोरोसिस. वयस्क पुरुषात मात्र आधी प्रोस्टेटच्या कॅन्सरचा विचार करा.

## ९. हाडाबाहेर बघा

कंबरेच्या बाजूच्या फिल्ममध्ये मणक्यांसमोर महाधमनी असते. तिच्या भिंतीत चुना साचला असेल तर तिची रुंदी दिसते. दोन भिंतींमध्ये ३ सेंटिमीटरहून जास्त अंतर वाटलं तर तिथे फुगा आहे असं धरा, पोटावर किंवा पाठीवर दाब देऊ नका, लगेच पाठवा. समोरच्या फिल्ममध्ये किडनीच्या रेषेत खडे, आणि दोन्ही बाजूंच्या सोअस स्नायूच्या (कण्यापासून खाली मांडीकडे जाणाऱ्या) तिरक्या कडा. एकच कड नाहीशी झाली असेल तर नोंद करा.

## १०. "सरकलेल्या मणक्या"चा मोह

फिल्मवर पेन्सिलीने रेघा ओढून अमुक मणका दोन मिलिमीटर उजवीकडे फिरलाय असं सांगणं, आणि मग तो "बसवणं". तिसऱ्या पायरीत बघितलं तसं, माणूस टेबलावर जरा तिरका झोपला तरी इतका फरक पडतो. जन्मतः वाकडे स्पायनस प्रोसेसही असतातच. फिल्म कशी काढली यानेच बदलणाऱ्या आकड्यावर उपचार ठरवू नका, आणि तो आकडा सुधारला हे दाखवायला दुसरी फिल्म तर मुळीच काढू नका. खरी पायरी, खरी चीर, खरं फ्रॅक्चर याच्याशी याची गल्लत करू नका. त्या गोष्टी दिसल्या तर काम "बसवण्या"चं नसतं, पाठवण्याचं असतं.

## ११. लिहा, मगच अहवाल उघडा

आधी स्वतःची नोंद, मग रेडिओलॉजिस्टचा अहवाल. उलट केलं की डोळे अहवालातलंच शोधतात. नोंदीत कोणत्या दिशांच्या फिल्म, दर्जा, मोजणी, काय दिसलं, काय नीट दिसलं नाही, आणि शेवटची ओळ: हाताने उपचार करायचे, अमुक भाग सोडून करायचे, की पाठवायचं. तुमच्या नोंदीत आणि अहवालात फरक असेल तर फोन करून विचारा. अंतिम शब्द रेडिओलॉजिस्टचा. पण घुबडाचा डोळा दिसत नसेल आणि अहवालात त्याचा उल्लेख नसेल, तर गप्प बसू नका.

## सराव

पहिल्या शंभर फिल्म नॉर्मल माणसांच्याच बघा. विचित्र फिल्म बघायची हौस सगळ्यांना असते, पण नॉर्मल हाताखालून गेल्याशिवाय वेगळं काय ते कळत नाही. हॉस्टेलच्या बोन सेटमधला कंबरेचा एक मणका हातात धरा, समोर फिल्म लावा, आणि मणका फिरवत फिरवत कोणती कड कोणती रेघ होते ते शोधा. फिल्मवर बटर पेपर ठेवून बाह्यरेषा गिरवा. पेडिकल, एंडप्लेट आणि सॅक्रोइलिअॅक सांधे डोळे मिटून काढता आले पाहिजेत.

एक वही ठेवा. तिच्यात फक्त सुटलेल्या गोष्टी लिहायच्या: तारीख, काय सुटलं, कोणत्या पायरीवर सुटलं. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत सगळ्यात जास्त नोंदी दुसऱ्या आणि सहाव्या पायरीपुढे आहेत. तुमच्या वहीत कोणती पायरी भरते ते बघा आणि पुढच्या वीस फिल्म त्या पायरीवर दुप्पट वेळ थांबून वाचा.